न दिसणाऱ्या इंजिनाचे माप

धुळ्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून दिवसभरासाठी मागून आणलेली पांढरी पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे दोन आसनांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार, आमच्या गावच्या घरासमोर निंबाच्या सावलीत उभी होती आणि नाना तिच्याभोवती सावकाश फिरत होते. जुना ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो किंवा बैलजोडी असो, आमच्या घरात काहीही विकत घेण्यापूर्वी ते माझ्या या चुलत्यांच्या नजरेखालून जाते, आणि यंत्र असेल तर नाना इंजिनापासूनच सुरुवात करतात. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितले. मी खटका ओढला, पुढचे झाकण वर गेले आणि आत गालिचा लावलेला खोल, रिकामा कप्पा दिसला. मग मागचे झाकण उघडले. तिथेही सामान ठेवण्याचीच जागा होती, फक्त कडेला दोन बुचे होती, एक ऑइलचे आणि एक कूलंटचे. इंजिन या दोन कप्प्यांच्या मध्ये, आसनांच्या पाठीमागे बसवलेले असते आणि गाडी उचलल्याशिवाय किंवा आतली आवरणे काढल्याशिवाय ते दिसत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. नानांनी मागच्या कप्प्यात वाकून गालिच्यावर तळहात ठेवला, खालून येणारी ऊब चाचपली, आणि आदल्या संध्याकाळी मी घेऊ पाहत असलेल्या या गाडीच्या २.७ लिटरच्या लहान व ३.४ लिटरच्या मोठ्या इंजिनातला जो फरक मी त्यांना सांगितला होता त्याला धरून शांतपणे विचारले, “इंजिन दिसतच नही, मंग मोठं लिसन कोनले दखाडशी पोरी?”

मोठे इंजिन घेऊन ते दाखवशील कोणाला, या प्रश्नात टोमणा नव्हता. नानांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि नंतरही कित्येक दिवस जळगावला दवाखान्यात एक रुग्ण बाहेर जाऊन दुसरा आत येईपर्यंतच्या वेळात मला तोच प्रश्न आठवत राहिला. लांब बॉनेट आणि त्याखाली दिमाखात बसलेले इंजिन अशी गाडी असती, तर ते घेणाऱ्याच्या मनात दाखवण्याचा भाग किती आणि वापरण्याचा किती हे वेगळे काढणे कठीण गेले असते. इथे इंजिन डोळ्यांआड आहे. त्याचे माप बाहेरच्या माणसाला दोनच मार्गांनी कळू शकते: मागच्या बाजूला नावापुढे लावलेल्या ‘एस’ या एका अक्षराने, किंवा आवाजाने. अक्षराचा विचार मी लवकर संपवला. आवाजाचा विचार मात्र मला पुष्कळ लांब घेऊन गेला.

मी ज्या पिढीची बॉक्स्टर शोधत होते ती २०१२ साली आली. साधी बॉक्स्टर २.७ लिटरची आणि २६५ अश्वशक्तीची, तर बॉक्स्टर एस ३.४ लिटरची आणि ३१५ अश्वशक्तीची. दोन्हींत सहा सिलिंडर आहेत, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे ठेवलेले, आणि दोन्ही इंजिने टर्बोशिवाय, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याशिवाय, चालतात. २०१६ साली त्यांची जागा ७१८ नावाच्या गाड्यांनी घेतली आणि त्यांत चार सिलिंडरांची २.० व २.५ लिटरची टर्बो इंजिने आली. ती कागदावर अधिक ताकदीची आहेत, परंतु सहा सिलिंडरांचा भरीव, एकसंध सूर त्यांत नाही, आणि ज्या वस्तूची ओढ मला शाळेत असल्यापासून आहे तिच्यात तो सूर आहे. नवी गाडी माझ्या आवाक्याबाहेरची आहे, त्यामुळे जुनी घ्यायची हे ठरलेलेच होते. दोन गाड्या पुढे आल्या: धुळ्याची पांढरी २.७ आणि नाशिकची गडद निळी ३.४. दोन्ही २०१३ च्या, दोन्हींना सात गिअरचा स्वयंचलित पीडीके गिअरबॉक्स, दोन्ही पहिल्याच मालकाच्या हातातल्या. किमतीत फरक होता, पण मनाने एकदा ठरवले तर आड येईल एवढा तो नव्हता. किंमत आड येत नाही तेव्हा निवड सोपी व्हावी असे वाटते, आणि प्रत्यक्षात ती तेव्हाच अवघड होते, कारण मग खरोखर काय हवे आहे हे आपल्यालाच सांगावे लागते.

कागदावर लहान इंजिनाची बाजू भक्कम आहे. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर गाठायला पीडीकेची २.७ साधारण ५.७ सेकंद घेते आणि ३.४ साधारण ५ सेकंद. पाऊण सेकंदाचा हा फरक शर्यतीच्या मैदानावर मोठा असेल, शिरपूर–चोपडा रस्त्यावर त्याला काही अर्थ नाही. दोघींचे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्याच गिअरमध्ये इंजिन शेवटपर्यंत नेले तर काटा १२० च्या पुढे जातो, आणि आपल्याकडे द्रुतगती मार्गांवरसुद्धा मोटारींना १२० हीच कमाल मर्यादा आहे. म्हणजे उरलेले पाच गिअर कायद्याच्या दृष्टीने फक्त इंजिन शांत ठेवण्यासाठी आहेत. अशा वेळी गाड्यांची जाण असलेली माणसे एकच सल्ला देतात, आणि तो मी वर्षानुवर्षे वाचत व ऐकत आले आहे: लहान इंजिन घ्या आणि ते पूर्ण वापरा. मोठ्या इंजिनाची निम्मी ताकद आयुष्यभर न वापरता पडून राहते, लहान इंजिनाला मात्र वरच्या फेऱ्यांपर्यंत नेता येते, गिअर बदलण्याला कारण मिळते आणि चालवणाऱ्याला काम मिळते. हा सल्ला मला पटलेला होता. धुळ्याची गाडी मी आधी मागितली ती याच खात्रीने.

ती सकाळ फार सुंदर होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, हवेत थोडा गारवा होता आणि कापसाचा हंगाम सुरू झालेला होता. सोनगीर, नरडाणा मागे टाकत मी आग्रा रोडने उत्तरेकडे निघाले आणि सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडताना छत उघडले. पात्रावरून येणारा ओला, किंचित शेवाळी वास गाडीत भरला आणि पाठीमागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, इंजिनाचा सूर ऐकू येऊ लागला. बंद काचेच्या गाडीत आवाज पुढून येतो आणि आपण तो ऐकतो. इथे तो पाठीच्या कण्याला लागून येतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत २.७ अगदी सभ्य असते, जवळजवळ अबोल. चार हजारांच्या पुढे तिचा स्वर बदलतो, साडेपाच हजारांना तो पातळ आणि धारदार होतो, आणि सहा हजारांच्या पुढे त्यात असा एक हर्ष येतो की पाय उचलावासाच वाटत नाही. चौपदरी रस्ता मोकळा होता. मी पायाला जेवढी मुभा द्यायची तेवढी दिली, काटा मर्यादेला पोचताच पाय उचलला, पुन्हा मुभा दिली. सगळे म्हणतात ते खरे आहे असे मी मनाशी म्हटले. लहान इंजिनाचे सुख त्याच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि तिथपर्यंत चढून जाण्यातच त्याची मजा आहे.

शिरपूरला उजवीकडे वळून मी अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला लागले, आणि चित्र बदलले.

हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये केळी, कापूस आणि हरभरा, आणि या सगळ्यातून शहाद्यापासून रावेरपर्यंत जाणारा एकच रस्ता. त्याच्यावर ट्रक, कापसाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, केळीच्या घडांच्या गाड्या, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली आणि शेळ्यांचे कळप असे सगळे एकत्र चालते. आमच्याकडे रस्ता गावाच्या बाजूने जात नाही, तो गावाच्या अंगणातून जातो. घराच्या ओट्यावर बसलेल्या आजीचे पाय आणि डांबराची कड यांत काही ठिकाणी पाच पावलांचेही अंतर नसते. एका गावाच्या अलीकडे मी एका ट्रॉलीच्या मागे अडकले. समोर रस्ता रिकामा झाला तसा मी पाय दाबला, गिअरबॉक्सने एकदम तीन गिअर खाली टाकले, काटा सहा हजारांच्या पुढे उडाला आणि गाडी ट्रॉली ओलांडून पुढे गेली. दोन-तीन सेकंदांचे काम. पण त्या दोन-तीन सेकंदांत जो आवाज झाला तो उघड्या छतातून मला सोडून सगळ्या गावाने झेलला. रस्त्याकडेला बांधलेल्या गोऱ्ह्याने दावे ताणले, धान्य पाखडणाऱ्या एका बाईचे सूप हातातच थांबले, आणि पुढे सायकलवरून जाणाऱ्या मुलीने दचकून मागे पाहिले तेव्हा तिचे पुढचे चाक वळले. ती पडली नाही. मी हात उचलून तिला क्षमा मागितल्याची खूण केली, आणि पुढच्या सगळ्या रस्त्यावर पायाला लगाम घातला. परंतु मघाशी तापीच्या पुलावर ज्या सुराने मी सुखावले होते त्याच सुराने आता मला अवघडून टाकले होते.

गावी पोचल्यावर नानांनी आवाजाबद्दल काही म्हटले नाही, कारण मी शेवटचे दोन किलोमीटर अगदी हळू आले होते. पण आवाजाची जाण मला मुळात त्यांच्याकडूनच मिळालेली आहे. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर जे ऑइल इंजिन होते ते राजकोटकडे बनलेले, लिस्टर या मूळ इंग्रजी इंजिनाच्या घडणीचे होते. एकच उभा सिलिंडर, दोन अंगांना दोन जड फिरती चाके, मिनिटाला फक्त ६५० फेरे आणि ताकद सहा अश्वशक्तीची. त्या एका सिलिंडरचे माप १.४ लिटरच्या वर होते. आज तेवढ्याच मापाच्या इंजिनातून मोटारीसाठी शंभरावर अश्वशक्ती काढली जाते हे लक्षात घेतले म्हणजे ते इंजिन किती सावकाश, किती निवांत काम करायचे याची कल्पना येईल. नाना हँडल मारून चाके फिरवत, वेग आला की वरचा खटका पाडत, आणि पहिला धक्का बसून धुराचे कडे आकाशात गेले की पट्टा पंपावर चढवत. केळीला पाणी द्यायचे तर ते रात्र-रात्र चाले. आम्ही गच्चीवर झोपत असू आणि शेताकडून येणारा तो संथ, एकसारखा धडका ऐकत झोप लागे. नाना झोपेतही तो ऐकत. विहिरीतले पाणी खाली गेले किंवा फुटव्हॉल्व्हने दगा दिला की पंप हलका होऊन इंजिनाचा स्वर बदलायचा, आणि नाना अंधारात चपला शोधत उठायचे. पुढे शेजारच्या मळ्यात १५०० फेऱ्यांचे नवे, लहान, स्वस्त इंजिन आले. दोन माणसे ते उचलून कुठेही नेऊ शकत होती, पाणी तेही तेवढेच ओढत होते, आणि शेजाऱ्यांना त्याचा अभिमान होता. तक्रार कोणाची नव्हती. गावच्या भाषेत तक्रार केली जात नाही. मात्र त्या बाजूच्या घरांतल्या खाटा हळूहळू गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या.

मला नानांच्या इंजिनाची आठवण त्या पांढऱ्या गाडीतून परत धुळ्याला जाताना झाली आणि तेव्हापासून लहान इंजिनाच्या बाजूचा तो सर्वमान्य सल्ला मला पुरेसा वाटेनासा झाला. लहान इंजिन पूर्ण वापरा असे सांगणाऱ्यांच्या मनात एक रस्ता असतो, आणि तो रस्ता रिकामा असतो. डोंगरातला, पहाटेचा, दोन्ही बाजूंना कुंपण असलेला, ज्यावर कोणाचे अंगण नाही आणि कोणाची म्हैस नाही. तिथे सहा हजार फेरे हा चालवणाऱ्याचा स्वतःशी चाललेला संवाद असतो. आमच्याकडे तो संपूर्ण गावाशी केलेला संवाद होतो, आणि गावाने तो मागितलेला नसतो. लहान इंजिनाला ताकद हवी असेल तर फेरे हवेत, आणि फेरे म्हणजे आवाज. त्याला गप्प राहून जोर लावता येत नाही. हे त्याचे वैगुण्य नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे, आणि योग्य ठिकाणी तो स्वभाव अतिशय लोभस आहे.

नाशिकची निळी गाडी पाहायला जाताना म्हणूनच माझ्या मनात प्रश्न वेगळा होता. ती किती पळते हे मला पाहायचे नव्हते. ती किती कमी आवाजात पुढे सरकते हे पाहायचे होते. मालक सज्जन होते. त्यांनी चांदवडचा राहूड घाट ओलांडून धुळ्यापर्यंत आणि तिथून शिरपूरच्या पुढे माझ्याच रस्त्यावर गाडी नेऊ दिली, स्वतः शेजारी बसून. जोराचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा (टॉर्कचा), आकडा २.७ मध्ये २८० न्यूटन-मीटर आणि ३.४ मध्ये ३६० न्यूटन-मीटर आहे, आणि दोन्हींत तो ४५०० फेऱ्यांपासून पूर्ण मिळू लागतो. हे आकडे मला पाठ होते, पण त्यांचा अर्थ कागदावर मांडून पाहिला तेव्हा उलगडला: मोठे इंजिन ४५०० फेऱ्यांवर जेवढी अश्वशक्ती देते तेवढी द्यायला लहान इंजिनाला ५८०० च्या आसपास जावे लागते. मधले हे १३०० फेरे म्हणजेच सूप थांबवणारा आवाज. गलंगीच्या अलीकडे ट्रॉली भेटली तेव्हा मी पाय निम्माच दाबला. गिअरबॉक्सने एकच गिअर खाली टाकला, काटा चार हजारांच्या थोडा पुढे गेला, पाठीमागून एक खोल, दाबलेला हुंकार आला आणि ट्रॉली मागे पडली. ओट्यावरच्या माणसांनी पाहिले, कारण निळी उघडी गाडी पाहण्यासारखीच असते. पण दचकले कोणी नाही. मालकांना मी कशासाठी एवढी लक्ष देऊन रस्त्याच्या कडेची माणसे पाहते आहे हे समजले नसावे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. मोठे इंजिन सौम्यतेसाठी घेणे हा युक्तिवाद ऐकायला इतका सोयीचा आहे की त्याच्याकडे संशयाने पाहिलेच पाहिजे. ज्या वर्षी कापसाचा भाव पडलेला असतो आणि केळीला वादळाचा तडाखा बसलेला असतो त्या वर्षी त्याच रस्त्याने दोन माणसांपुरती गाडी घेऊन जाणे यात एक टोचणी आहे, आणि ती इंजिन लहान घेतल्याने जात नाही. नानांचा प्रश्न त्या टोचणीवरच बोट ठेवून होता. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले, की मागच्या बाजूला ते एक अक्षर नसते तरी मला हीच गाडी हवी असती का. उत्तर होय असे आले, आणि ते तपासण्याचा सोपा मार्ग उपलब्ध होता. या गाड्यांच्या मागची नावाची अक्षरे नुसती चिकटवलेली असतात, ती काढता येतात. नवी गाडी घेतानाही नावाशिवाय मागता येते. निळी गाडी आली तर ते अक्षर काढायचे हे मी तेव्हाच ठरवले, आणि ठरवताना मनाला काही खटकले नाही. जो मोठेपणा ऐकू येऊ नये म्हणून घ्यायचा तो वाचताही येऊ नये, हे सुसंगत वाटले.

मग उरला जुनी गाडी घेण्याचा रोखठोक भाग, आणि त्यात मापाचा वाटा लोक समजतात त्याहून कमी असतो. विम्याचा तृतीय पक्षाचा हप्ता इंजिनाच्या मापावर ठरतो हे खरे, पण १५०० सीसीच्या वर सगळे एकाच पायरीवर येतात. २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे ती पायरी ७,८९७ रुपयांची आहे, आणि २.७ व ३.४ यांना ती सारखीच. ‘एस’च्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या मोठ्या आहेत, त्या बदलताना खर्च जास्त येईल. उन्हाळ्याचा विचार मी अधिक केला. जळगाव–भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि २५ अंशांच्या मानाने तेवढ्या तापलेल्या हवेत घनता साधारण सहा टक्क्यांनी कमी असते. टर्बो नसलेले इंजिन तेवढी हवा कमी ओढते आणि तेवढीच ताकद गमावते. वातानुकूलनाचा भार वेगळा. मोठ्या इंजिनाला ही घट जाणवत नाही, लहानाला ती फेऱ्यांनी भरून काढावी लागते. दोन्ही इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबण्याचे प्रमाण, १२.५ ला १ असे चढे आहे, त्यामुळे पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खालचे घालायचे नाही, हा नियम दोघींना समान आहे, आणि तालुक्याच्या गावी टाकी भरण्याआधी तेवढी चौकशी करावी लागणार हेही समान आहे.

जुन्या पिढ्यांमध्ये मात्र माप हा खरोखर निर्णायक मुद्दा होता, आणि जो कोणी कमी पैशांत आधीची बॉक्स्टर शोधत असेल त्याने हे लक्षात ठेवावे. २००८ पर्यंतच्या गाड्यांत इंजिनाच्या पोटात एक मधला दांडा होता आणि त्याचे बेअरिंग गेले तर सगळे इंजिन जायचे. त्याच काळातल्या ३.४ च्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याची व्याधी होती, आणि २.७ मध्ये ती पुष्कळच कमी आढळते. तिथे मी डोळे झाकून लहान इंजिन घ्यायला सांगेन. २००९ मध्ये इंजिन नव्याने घडवले गेले, तो दांडाच काढून टाकला, आणि २०१२ च्या पिढीला ती नवी घडण मिळाली. म्हणून माझ्या दोन गाड्यांच्या बाबतीत माप बाजूला ठेवून प्रत्यक्ष गाडीची प्रकृती पाहणे महत्त्वाचे होते, आणि तिथे माझ्या व्यवसायाची सवय कामी आली. दिसत नसलेल्या अवयवाची तपासणी करायची तर नोंदी वाचाव्या लागतात. या गाड्यांच्या संगणकात इंजिन एकूण किती तास चालले आणि मर्यादेच्या आसपास किंवा पुढे त्याचे फेरे किती वेळा व कोणत्या तासाला गेले याची नोंद राहते. स्कॅनर लावून ती काढून घेता येते. किलोमीटरांना तासांनी भागले की सरासरी वेग निघतो आणि गाडीचे आयुष्य समोर येते. नाशिकच्या गाडीची सरासरी हमरस्त्यावरची निघाली आणि फेऱ्यांच्या नोंदीत काळजी करण्यासारखे काही नव्हते. धुळ्याच्या गाडीचीही प्रकृती उत्तम होती, सरासरी जरा कमी होती, कारण ती शहरातच अधिक फिरली होती. दोन्ही गाड्यांच्या टायरांवरचे चार आकडे वाचले, ज्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. नाशिकच्या गाडीचे टायर जुने होते, नक्षी भरपूर शिल्लक असूनही रबर कडक झालेले. तेवढी रक्कम मालकांनी किमतीतून कमी केली.

निर्णय ३.४ चा झाला. तो झाल्यावर मला निखळ आनंद झाला असे लिहिले तर ते खरे होणार नाही. तापीच्या पुलावरच्या त्या सकाळी २.७ च्या वरच्या फेऱ्यांत जे ऐकले होते ते निळ्या गाडीत त्या रीतीने पुन्हा मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. मोठ्या इंजिनातही तो स्वर आहे, पण तिथपर्यंत जाईपर्यंत वेग इतका वाढलेला असतो की माझ्या रस्त्यांवर तो क्वचितच ऐकू येईल. मी हे सुख स्वतःच्या हाताने बाजूला ठेवते आहे, आणि त्याच्या बदल्यात काय मिळते हे सांगायला माझ्याकडे एकही आकडा नाही. थांबलेले सूप पुन्हा हलू लागले याची नोंद कुठला संगणक ठेवत नाही.

नानांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: ऑइल कोणते लागते, आणि बिघडली तर मिस्त्री कुठे. ऑइल सांगितले. मिस्त्रीसाठी मुंबईपर्यंत, म्हणजे चारशे किलोमीटरांच्या पुढे, गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागेल हेही सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की असे असेल तर ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहत जा, बिघडल्यावर पाहू असे करू नकोस. या गाडीला ऑइलची कांडी नसते, पातळी पडद्यावर आकृतीत दिसते, हे मी त्यांना समोरासमोर दाखवणार आहे.

धुळ्याच्या व्यापाऱ्यांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला, कारण त्यांनी विश्वासाने किल्ली हातात दिली होती आणि मधल्या माणसाकडून नकार कळवणे बरे दिसले नसते. मी त्यांना सांगितले की गाडी निर्दोष आहे, तपासणीचा सगळा अहवाल मी त्यांना पाठवते, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येईल. ते हसले आणि म्हणाले की ताई, सगळे जण लहान इंजिन घाबरून सोडतात, तुम्हीही आकड्याला भुललात. मी म्हणाले, भाऊ, तुमची गाडी ज्याच्या वाटेवर गावे नाहीत अशा माणसाला द्या, तो तिच्यावर जीव टाकेल. त्यांनी विचारले, असा रस्ता आपल्या खानदेशात तरी कुठे आहे? मी थोडा विचार केला आणि तोरणमाळचे नाव सांगितले: शहाद्याकडून वर चढणारा, सात पायरीच्या वळणांचा घाट, थंडीच्या दिवसांत, उजाडल्यानंतर पण पर्यटकांच्या जीपा निघण्यापूर्वी. त्या चढावर खालचेच गिअर लागतात, आणि २.७ ला तिथे वरच्या फेऱ्यांपर्यंत नेता येईल. व्यापारी क्षणभर थांबले. त्यांनी इतक्या वर्षांत गाडी कधी तिकडे नेलीच नव्हती. येत्या रविवारी जाऊन पाहतो, म्हणाले, आणि विकायची की नाही ते नंतर ठरवू.